सात नंबरची हाक

३ जून
आजपासून मुलुंडच्या कंपनीत. खिडकीतून डोंगर दिसतो, चहा झकास. जयवंत सरांनी आल्याआल्या मोठं काम दिलं: एका नर्सिंग होमची घंटा. प्रत्येक खाटेपाशी छोटा स्क्रीन, तो चाइल्ड. सिस्टरच्या टेबलावरचा मोठा स्क्रीन पॅरेंट. पेशंटने बटण दाबलं की चाइल्डने पॅरेंटची मेथड, म्हणजे त्याला नेमून दिलेलं काम, बोलवायची, टेबलावर घंटा वाजणार. घरी आईला समजावलं. ती म्हणाली, म्हणजे लेकराने आईला हाक मारायची, एवढंच ना.

११ जून
डेमोच्या तयारीत घंटा थांबेना, सर वैतागले. मी चाइल्डमधूनच पॅरेंटची ‘घंटा बंद’ मेथड बोलवली. बटण एकदा दाबलं की वाजते, दुसऱ्यांदा दाबलं की गप्प. डेमो मस्त झाला. बसवण्याआधी कोडमधली ती ओळ काढायची.

२० जून
काढायची राहिली.
काल दुपारी पावणेचारला सात नंबरच्या राधा गुरव आजी गेल्या. घाबरून बटण लागोपाठ दोनदा दाबलं होतं, नोंदीत दिसतंय. नर्स सपनाताई सांगत राहिल्या की घंटा वाजलीच नाही. कोणी ऐकलं नाही, त्यांना कामावरून काढलं. सरांनी मला विचारलं, तुझ्याकडून काही चुकलंय का. मी नाही म्हणाले. मग जागेवर येऊन नर्सिंग होमच्या कोडमधली ती ओळ पुसली.

२४ जून
सात नंबरचा स्क्रीन दुरुस्तीला आलाय. वायर काढून माझ्या कपाटात आहे. तरी पावणेचारला माझ्या टेस्टच्या स्क्रीनवर आलं: सात नंबर, मदत हवी. शेजारच्या टेबलावरच्या निलेशला दाखवेपर्यंत गेलं. तो म्हणाला, जुनं काहीतरी अडकलं असेल गं, आधी जेवून घे.
सात नंबरचं चाइल्ड कोडमधूनच काढून टाकलं.

२५ जून
पावणेचार. पुन्हा. वाजलं, लगेच गप्प. चाइल्डच नाही, मग बोलवतंय कोण—

२७ जून
सपनाताईंकडे गेले, घाटकोपरला. सांगायलाच गेले होते. त्यांनी पाणी दिलं आणि मलाच विचारलं, “घंटा वाजली असती तर मी उठले नसते का गं?”
नुसतं ‘येते’ म्हणाले. जिन्यात बसून राहिले. तोंड दाखवायची लाज—

२८ जून
सरांना सगळं सांगितलं. ते पांढरे पडले. माझा डेमोच त्यांनी बोरिवलीच्या एका हॉस्पिटलला दिलाय. परवाच बसवला. ती ओळ त्यात—
सर तिकडे फोन लावतायत. उचलत नाहीत.
पावणेचार. माझा स्क्रीन कशालाच जोडलेला नाही. तरी— सात नंबर नाही. बोरिवली, तीन नंबर. मदत हवी.
वाजतेय. अजून वाजतेय. तीन नंबर, कोण असाल ते, बटणावरचा हात काढा, दुसऱ्यांदा दाबू न—