मापाखालचा दिवा

ऐन-लोज,
सोमवार, २७ एप्रिल १९६४

चि. नुहाद हिस,
थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद.

हाताला खजुराचा चिकटा आहे, तेव्हा कागदावर डाग दिसले तर ते अश्रू समजू नकोस. ईस्टरच्या सणाची खजूर भरलेली काक बिस्किटं करायला बसले होते, मधेच उठून लिहिते आहे. यंदा जेरुसलेमहून प्रकाश आणायची पाळी आमच्या घराची! शनिवारी जिरियस पहाटेच्या बसने कंदील घेऊन जातील, ख्रिस्ताच्या कबरीवरच्या ज्योतीवर तो लावून आणतील, आणि देवळाची घंटा होईपर्यंत तो आमच्या घरात राहील. मग साऱ्या गावाच्या मेणबत्त्या त्यावर पेटतील. तुझे मेहुणे रोज कंदिलाची काच पुसतात. स्वतःचा चष्मा सणासुदीलाही पुसत नाहीत.

भिंतीपलीकडची बातमी म्हणजे आपली भावजय, मिखाईलची हन्ने, सणानंतर लेकीला, मरियमला घेऊन स्वतःच्या भावाकडे चिलीला निघाली आहे, कायमची. मिखाईल देवाघरी गेला त्याच वर्षी आमचं त्या अंजिराच्या झाडावरून वाजलं, तेव्हापासून बोलणं बंद. म्हणून घरची बातमी मला गावच्या भट्टीवर पाव भाजताना कळली. जाऊ दे, मला काय त्याचं! मरियम हल्ली अगदी मिखाईलसारखी चालते, तेवढंच वाईट वाटतं. आणि ऐक, ही बाई यंदा स्वतःचा वेगळा कंदील घेऊन जाणार आहे. आमच्या घरात ज्योत टिकेल याचा म्हणे तिला भरवसा नाही!

मुलांचे पापे घे. माया आहे तेवढी राहू दे, वाढली तर हरकत नाही.
तुझी,
अफीफाताई

मादाबा,
३० एप्रिल १९६४

ती. अफीफाताईस,
धाकटीचा वाकून नमस्कार.

डाग खजुराचेच आहेत, मी चाटून पाहिले. पण ताई, ‘मला काय त्याचं’ म्हणून पुढे तू हन्नेवहिनीवरच लिहीत गेलीस. राग असा असतो होय?

ते भांडण अंजिराचं नव्हतंच. भाऊ गेल्याचं दुःख तुम्हा दोघींना कुठेतरी काढायचं होतं, मध्ये झाड सापडलं. तू थोरली आहेस. तिला नुसतं राहा म्हण. तू म्हणणार, आधी तिने बोलावं. ती म्हणत असेल, आधी वन्संनी. अशाने बेरूतहून बोट सुटेल, ती बोटीवर ताठ आणि तू गच्चीवर ताठ. मग मिखाईलची लेक पुन्हा कधी दिसायची आपल्याला?

रागावलीस तरी चालेल, पण लिहीत राहा.
तुझी,
नुहाद

ऐन-लोज,
४ मे १९६४

चि. नुहाद हिस,
ख्रिस्त उठला आहे! खरोखर उठला आहे, असं म्हण आणि मग दार लावून पुढचं वाच.

शनिवारी दुपारी जिरियस आले. ढोल वाजले, बायकांनी गाणी म्हटली, माझी मान अशी वर गेली की विचारू नकोस. कंदील ओसरीवर ठेवला, आणि लगेच गल्लीतल्या सगळ्या जणी मेणबत्त्या घेऊन हजर. त्यांचं म्हणणं, घंटेची कशाला वाट पाहायची? मी सांगितलं की आधी देऊळ, मग तुम्ही. त्या ऐकेनात. शेवटी मी गव्हाचं लाकडी माप कंदिलावर पालथं घातलं आणि पहारेकऱ्यासारखी शेजारी बसले. थकून त्या गेल्या. मी माप उचललं, तर आत धूर आणि काळोख!

हसू नकोस. झावळ्यांच्या रविवारीच आमचे धर्मगुरू अबूना बोलोस बायबलातल्या याच वचनावर बोलले होते, की दिवा लावून मापाखाली ठेवायचा नसतो, दिवठणीवर ठेवायचा असतो. आपल्या घरात उजेड आहे की नाही, हे शेजाऱ्याला विचारावं, असंही म्हणाले. तेव्हा देवळात सर्वांत जोरात मान हलवणारी मीच होते. गर्वाचं घर खाली, दुसरं काय!

खरं सांगते, काडेपेटी हातात घेतली होती. कोणाला कळलं असतं? पण सारं गाव त्या ज्योतीपुढे गुडघे टेकणार होतं गं. काडी ओढवेना. जिरियस ढोलवाल्यांबरोबर चौकात. घंटेला थोडा वेळ उरलेला. गावात कबरीवरची दुसरी ज्योत एकाच घरात होती, आणि ते घर तुला ठाऊक आहे.

गल्लीतून जावं तर सगळ्यांनी पाहिलं असतं. या वयात गच्चीवरून गेले, झग्याखाली कंदील लपवून. हन्ने कांद्याच्या सालांत अंडी रंगवत होती. मी विझलेला कंदील पुढे केला. तिने माझा कंदील घेतला, आपल्यावरून लावला आणि परत देताना एवढंच म्हणाली की वन्सं, बाही सांभाळा.

गाव उजळलं. मी मात्र घरी येऊन खूप रडले. तिने अजून कोणाला सांगितलेलं नाही. का सांगितलं नसेल? टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. तिची बोट वीस तारखेला आहे.

माझ्या मूर्खपणासकट मला आपली म्हण.
अफीफाताई

ऐन-लोज,
६ मे १९६४

प्रिय नुहादवन्सं,
वहिनीचा प्रेमाचा नमस्कार. ख्रिस्त उठला आहे.

वन्संनी तुम्हाला कळवलं असेलच, त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. पण त्यांना अर्धीच गोष्ट माहीत आहे. माझा कंदील परतीच्या बसमध्ये पहिल्याच वळणावर विझला होता. मी एवढी ऐटीत गेलेली, आता तोंड कुठे लपवू असं झालं. जिरियसभाऊ पुढच्या बाकावरून उठून आले, मुकाट्याने आपल्या ज्योतीवरून माझा कंदील लावला आणि घरी सांगणार नाही म्हणाले. तेव्हा मी वन्संना दिलं ते त्यांचंच त्यांना परत दिलं.

हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण वन्संची मान खाली गेलेली मी प्रथमच पाहिली, आणि खोटं कशाला बोलू, गोड वाटलं. रात्री देवळात सगळ्यांनी एकमेकींच्या मेणबत्त्या लावल्या, तेव्हा ते गोड कडू झालं. हातात ख्रिस्ताचा प्रकाश आणि मनात हे असलं! जाण्याआधी सांगून टाकावं म्हणते, पण पाय उचलत नाही. तुम्हीच काय ते सांगा.

दूर गेले तरी मला परकी करू नका.
हन्ने

मादाबा,
९ मे १९६४

प्रिय वहिनी,
नणंदेचा नमस्कार आणि गालगुच्चा.

तुमचं पत्र वाचून इतकी हसले की शेजारीण धावत आली. दोघींना वाटतं की आपणच विझलो! पाय उचला आणि गच्चीवरून जा, वाट ताईने पाडून ठेवली आहे. मी ताईला काही कळवत नाही. हे तुमच्याच तोंडून तिला कळू दे.

ओरडले म्हणून प्रेम कमी करू नका.
नुहाद

ऐन-लोज,
१४ मे १९६४

चि. नुहाद हिस,
आशीर्वाद, आणि एक धपाटाही, कारण तुला सगळं आधीच माहीत होतं.

काल हन्ने गच्चीवरून आली. बसमधली हकिगत ऐकून आधी मी जिरियसना फैलावर घेतलं. ते म्हणाले की प्रकाश मागणाऱ्याला नाही म्हणायचं नसतं, आणि बायकोला सगळंच सांगायचं नसतं. मग मी हसायला लागले, हन्नेही हसली, आणि मरियम आम्हा दोघींना वेड लागलंय असं पाहत राहिली.

या रविवारी मी मापाची गोष्ट देवळाच्या अंगणात सगळ्यांना सांगणार आहे. गल्लीतल्या बायका वर्षभर मला छळतील, छळू देत. हन्ने म्हणते की ती शेजारी उभी राहून बसची सांगेल. चिलीला तार गेली आहे की ती येत नाही. मी तिला म्हटलं होतं की राहायचं असेल तर राहा, आमची काही अडचण नाही.

जूनमध्ये मुलांना घेऊन ये. येईपर्यंत या वेडीला विसरू नकोस.
अफीफाताई

ता. क. — नुहादवन्सं, हे पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून खाली चार ओळी लिहिते. वर बाकी सगळं खरं आहे, फक्त एक गोष्ट बदलली आहे. राहायचं असेल तर राहा असं त्या म्हणाल्याच नाहीत. माझे दोन्ही हात धरून, तू गेलीस तर मिखाईल पुन्हा जाईल गं, असं म्हणाल्या, आणि मी हो म्हणेपर्यंत हात सोडले नाहीत.
तुमची, इथेच असणारी,
हन्ने