शेवटचा स्क्रू

बाबा, तुमचं मशीन मी भंगारात घातलं. आधी हेच सांगते, म्हणजे पुढचं ऐकायला नीट बसाल. मेहकरच्या भंगारवाल्यानं ते काट्यावर टाकलं, तांबं वेगळं, पत्रा वेगळा. ज्या अँप्लिफायरला तुम्ही रोज सकाळी लाउडस्पीकरचं दुकान उघडल्यावर उदबत्ती ओवाळायचात, ज्याला हात लावायच्या आधी मला हात धुवायला लावायचात, त्याचं झाकण त्यानं एका लाथेत उघडलं. मी तिथंच उभी राहून पाहिलं. वाईट वाटलं का? अजिबात नाही.

कारण ऐका. मी गिटार वाजवते. तुम्ही होता तेव्हाही वाजवत होते, चोरून, कानाला हेडफोन लावून. लग्न झालं, चिखलीला शाळेत गणित शिकवायला लागले, तरी हेडफोन काही सुटला नाही. आता माझ्याकडे एक डिजिटल मॉडेलर आहे. पुस्तकाएवढा डबा, त्यात कितीतरी जुन्या गिटार अँप्लिफायरांची हुबेहूब नक्कल. आमच्या शाळेतल्या तिघा-चौघांनी गॅदरिंगला वाजवायचं ठरवलं आणि मला म्हणाले, मॅडम, यंदा हेडफोन काढा. मग पॉवर अँप्लिफायर शोधणं आलं. स्पीकरचं खोकं होतंच, एका बँडवाल्याकडून घेतलेलं, आठ ओहमचं. मला परवडेल असा अँप्लिफायर हवा होता, आणि त्यानं स्वतःचं काही बोलायला नको होतं. सूर सगळा डब्यातच तयार होतो, यानं तो फक्त मोठा करून द्यायचा. आपलं काही मिसळायचं नाही, गोंगाट करायचा नाही, माज करायचा नाही. थोडक्यात, तुमच्यासारखा नको होता.

अकोल्याच्या दुकानात गेले. दुकानदारानं आधी हजार वॅटचा काढला, खोक्यावर आकडा केवढा! मी विचारलं, हे किती ओहमवर मोजलेलं? चारवर. मग माझ्या आठच्या स्पीकरला जवळपास निम्मेच मिळणार, आणि आमच्या शाळेच्या हॉलला निम्म्याचेही निम्मे पुरे. तो हसला, म्हणाला, ताई तुम्हाले समजते. खास गिटारवाल्यांसाठीचे छोटे अँप्लिफायर होते, पण त्यांची किंमत ऐकूनच मागे ठेवले. कोपऱ्यात एक सगळ्यांत स्वस्त दिसला. तुमच्याच जातीचा, भोंग्यांचा. मी त्याच्याकडे बोट दाखवलं तर दुकानदारानं हात आडवा धरला.

“हा नका घेऊ ताई. याच्या मांगं शंभर व्होल्टचा स्क्रू असते. तिथं भोंगा लावाचा तं मधात ट्रान्सफॉर्मर पाहिजे. सरळ लावला का भोंग्यातलं युनिट जळालंच समजा.”

बाबा, मी त्या दुकानात स्टुलावर बसले. त्यानं पाणी आणून दिलं. एकवीस वर्षं मी एक गोष्ट उरावर घेऊन फिरत होते आणि ती त्या माणसानं, अंगावरची माशी हाकलावी तशी, सहज हाकलून दिली.

उंद्रीचा मेळावा आठवतो ना? नव्या कपाशीच्या बियाण्याचा प्रचार, मे महिन्यातली दुपार, मंडपात चारेकशे माणसं. तुम्ही नुकतंच आणलेलं सेकंडहँड मशीन पहिल्यांदा लावताय. आधीच्या मशीनवर भोंग्याची वायर कसायचा सोळा ओहमचा स्क्रू शेवटी होता, म्हणून तुमचा हात सवयीनं शेवटच्या स्क्रूवर जातो. मागची बारीक इंग्रजी अक्षरं तुम्हाला वाचता येत नाहीत, ते काम माझं. मी अकरावीत आहे. गर्दी जमेपर्यंत पोरीनं गिटार वाजवावी ही आयडिया तुमचीच, आणि गिटारही तुम्हीच जालन्याच्या जुन्या बाजारातून आणलेली, एसटीत मांडीवर धरून. मी वाजवायला लागते. तिसरी ओळ संपायच्या आत चारही भोंगे खरखरतात, करपट वास येतो, आणि सगळं चिडीचूप. बियाणे कंपनीचे साहेब माईक हातात धरून उभे. लोक हसायला लागतात. आणि तुम्ही त्या चारशे लोकांसमोर माझ्याकडे बोट करता.

“ह्या पोट्टीच्या तुणतुण्यानं माये भोंगे जाळले.”

नाचता येईना अंगण वाकडं! माईकच्या भोकात लावलेल्या गिटारीनं भोंगे जळत नसतात हो बाबा. शेवटच्या स्क्रूवर शंभर व्होल्ट होते आणि तुम्ही त्याला भोंगे सरळ जोडले होते. दुकानदाराचा हात आडवा आला आणि मला तो वास पुन्हा आला.

तिथंच मारलेली ती एक थप्पड मी विसरलेही असते. पण घरी येऊन तुम्ही पकडीनं गिटारीच्या सहाही तारा कापल्यात आणि नव्या भोंग्यांना जीपच्या टपावर त्याच तारांनी बांधलंत. म्हणालात, लोखंडी हाये, मजबूत हाये, वाया काऊन घालवाची. मग पुढची कितीतरी वर्षं माझ्या तारांनी बांधलेले ते भोंगे गावोगाव ओरडत फिरले, अळी लागणार नाही, अळी लागणार नाही. नंतर बोंडात गुलाबी अळी निघाली, उभी कपाशी लोकांनी उपटली, आणि दुसरबीडला तुमच्या जीपच्या काचेवर दगड आला. तुम्ही घरी येऊन म्हणालात, मी काय केलं, मी तं फक्त भोंगा लावला. तेव्हाही दोष दुसऱ्याचाच. आई तुमच्या कपाळातली काच काढत होती आणि मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. मला आनंद झाला होता. आज सांगते, झाला होता.

तर मी साधा दोन चॅनेलचा अँप्लिफायर घेतला. हलका आहे, पंखा थोडा वाजतो, पण सूर जसा दिला तसाच बाहेर काढतो. खरा गिटारचा स्पीकर लावायचा म्हणून मॉडेलरमधली स्पीकरची नक्कल तेवढी बंद केली. स्पीकरचं खोकं मुद्दाम तुमच्या फोटोखाली ठेवलं. ठरवलंच होतं, काच थरथरेपर्यंत वाजवायचं. हार पडला तर पडू द्यायचा. तुमच्या तोंडावर वाजवायचं होतं मला, एकवीस वर्षांचं सगळं.

वायर जोडली. लाल लालला, काळी काळीला. स्विचवर बोट ठेवलं आणि तिथंच अडले. कारण तुमची एक रीत होती. कितीही घाई असो, दुसऱ्या कोणी मागं जाऊन बघून “हाव” म्हटल्याशिवाय तुम्ही कधी स्विच दाबला नाही. “पाह्य बरं, बराबर हाये का?” प्रत्येक वेळी. घरात त्या दिवशी कोणीच नव्हतं. मी स्वतःच उठून मागं गेले, बघितलं, परत आले, पुन्हा गेले. मग वाजवलं. काच थरथरली. हार नाही पडला.

हे पत्र अँप्लिफायरच्या खोक्यात, वॉरंटी कार्डाखाली ठेवणार आहे. पाठवायचं कुठं? आणि पत्ता असता तरी पाठवलं नसतं. तारा कापल्याबद्दल मी तुम्हाला माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण उंद्रीलाही तुम्ही विचारलं होतं, बाबा. स्विचवर बोट ठेवून, माझ्याकडे बघून. मी गिटार सुरात लावत होते. मान वर न करताच म्हणाले, हाव.