रकाना एकोणीस

पाइन फोर्क, मिशिगन
शुक्रवार, ११ ऑक्टोबर, सकाळी साडेनऊ

मार्लिसताई,

तू बरी असशील. मी ठीक आहे. हवा अजून कोरडी आहे. तुझ्या घराची पन्हळ पानांनी भरली होती, ती साफ करून घेतली.

शायला ओकेसनने बुधवारी तुला माणूस उचलायच्या यंत्राच्या झोळीत घालून एकटीने न्हाणीघरात नेले, असे काल तिनेच मला सांगितले. म्हणून लिहीत आहे. एरवी तीन वर्षे लिहिले नाही, ते आताही लिहिले नसते. उद्या शनिवार, म्हणजे पुन्हा तुझी अंघोळ. त्याआधी हे पत्र तुझ्या हातात पडायला हवे. फोन तू उचलत नाहीस, आणि वृद्धाश्रमात ज्यांना भेटायला सोडायचे नाही त्या यादीत तू एकटे माझेच नाव घातले आहेस, असे दारावरची डॉटी सांगते.

दोघीजणी असल्याशिवाय झोळीत बसू नकोस. मांड्यांखालचे दोन पट्टे एकमेकांतून ओवले आहेत का, ते स्वतः पाहा. दोन्ही बाजूंना एकाच रंगाचा फास अडकवला आहे का, तेही पाहा. नसेल तर ओरड. ओरडण्यात तू कधी कमी पडलेली नाहीस.

एवढे लिहून मी पाकीट बंद केले होते. ते फाडून पुढचे लिहीत आहे.

शायला कॉलेजातल्या माझ्या वसंतातल्या रुग्णसेविकांच्या वर्गातली. त्याआधी मोटेलच्या खोल्या झाडायची. काल किराणा दुकानात दुधाच्या कपाटापाशी भेटली.

"मॅडम! तुमची बहीण माझ्याकडेच आहे. काय तोंड आहे हो! मला म्हणते, 'पोरी, मी बटाट्याचं पोतं नाही.' मी म्हटलं, 'आजी, पोतं निदान गप्प तरी बसतं.'"

मी हसले. मग ती म्हणाली, "बरं झालं भेटलात, एक विचारायचं होतं. ते पायाकडचे दोन पट्टे एकमेकांतून ओवायचे असतात का? मी आपले सरळ अडकवते. पटकन होतं."

"जोडीला कोण असतं?"

"जोडीला? सकाळच्या पाळीत आम्ही दोघी आणि माणसं अडतीस. जोडीला देव!"

मी म्हणाले, "ओवायचे." ती "बरं" म्हणाली आणि दूध घेऊन गेली. पट्टे सरळ अडकवले की माणूस पुढे घसरतो, ताई. एकदा घसरू लागला की एकट्या बाईच्या हातून तो सावरत नाही. तुझ्या खुब्यात आधीच खिळे आहेत.

घरी येऊन मी तुझ्यावर चिडले. आमच्या वर्गातल्या यंत्राचा पंप गेला आणि दुरुस्तीला कॉलेजकडे पैसे नव्हते. ते नव्हते, कारण घरपट्टीतून कॉलेजला द्यायची वाढ तीन वर्षांपूर्वीच्या मतदानात एक्केचाळीस मतांनी पडली. आणि तुझ्या अंगणात, ऐन रस्त्याकडेला, 'नाही' मत द्या म्हणणारी पाटी होती. माझ्याच बहिणीच्या अंगणात! हे मी घोळवत बसले. घोळवले की बरे वाटत होते.

पण पाटीने सही केली नाही. मी केली.

प्रत्येकीच्या कौशल्यपत्रकात एकोणिसावा रकाना असा आहे: 'यंत्राने रुग्ण उचलणे. विद्यार्थिनीने प्रत्यक्ष करून दाखवले, शिक्षिकेने पाहिले.' मी त्यांना एक चित्रफीत दाखवली. रिकामी झोळी टेबलावर पसरून घड्या घालायला लावल्या. आणि अकरा वेळा सही केली. राज्याच्या परीक्षेत पाचच कौशल्ये विचारतात. हे कौशल्य कोणालाच विचारले गेले नाही. अकराही पास झाल्या, आणि डीन हॉलिसने केक आणला.

त्याला दोष देणार नाही. तो एवढेच म्हणाला होता, "आर्डिथ, राज्याचा पैसा आता पास झालेल्यांच्या आकड्यावर येतो. आठांच्या खाली गेलो तर पुढच्या वर्षी वर्ग नाही." सही कर, असे तो म्हणाला नाही. ते माझे मीच ऐकले. पंप गेल्यावर वर्गाला घेऊन तुमच्या वृद्धाश्रमात यायचे, तिथल्या यंत्रावर शिकवायचे, हे मला सुचले नव्हते असेही नाही. पण तिथे तू होतीस. तुझ्या दारावरून अकरा मुली घेऊन जायची माझी तयारी नव्हती.

काल संध्याकाळी मी वृद्धाश्रमाची संचालिका रेनी टोबिनला फोन करू शकले असते. फोन हातात घेतला आणि ठेवला. सांगितले, तर अकराजणींना कामावरून बाजूला करतील. त्यांच्याशिवाय तिथे हात कोणाचे आहेत? वृद्धाश्रमाचा एक भाग बंद करतील आणि तुला दोन तासांवर मार्क्वेटला हलवतील. शायला परत मोटेलच्या चादरी धुवायला जाईल. कॉलेजचा वर्ग कायमचा जाईल, आणि माझा नर्सचा परवानाही. ही सगळी कारणे खरी आहेत. त्यांच्यामागे बसून मी रात्र काढली, तुला मात्र झोळीत ठेवून. आज सकाळी रुग्णवाहिका गेली, तेव्हा ती कोपऱ्यावर कुठे वळते हे पाहायला मी मोजे घातलेल्या पायांनीच रस्त्यावर धावले. लाकडाच्या गिरणीकडे वळली. कोणाचे तरी वाईट झाले असेल आणि मी देवाचे आभार मानले. अशी मी झाले आहे.

आता जाऊन रेनीला सांगते.

आणखी एक. तुझी पाटी मीच नेली. आईच्या बायबलवर हात ठेवून मी नाही म्हणाले होते. तू मला चोर म्हणालीस, म्हणून तीन वर्षे रुसले. ती माझ्या गॅरेजात बर्फाच्या फावड्यामागे आहे.

उद्या मला येऊ दे. मी झोळीची दुसरी बाजू धरीन, शायला पट्टे ओवील, आणि मी पाहीन. या वेळी खरोखर पाहीन. तू तिला वाटेल ते बोल, मला तर बोलच. डॉटीला एवढेच सांग, "सोड तिला आत."

तुला झोळीत ठेवून झोपू न शकलेली,
आर्डिथ

ता. क., दुपारी तीन, डॉटीच्या टेबलावरून. आज सुपूर्द केले ते असे:

कौशल्यपत्रके अकरा, एकोणिसाव्या रकान्यातली माझी सही खोडून आणि आजची तारीख घालून. रेनी टोबिनला, १:४० वाजता. मिळाल्याची तिची सही आहे. ती म्हणाली, "बाकीच्यांना उद्या पलंगावरच पुसून काढू. पण मार्लिसच्या पाठीला जखम धरू लागली आहे, तिला उचलावेच लागेल. दुसरी बाई माझ्याकडे नाही. तुम्ही चालाल, पण तिने हो म्हटले तर."

प्रयोगवर्गाची किल्ली एक. डीन हॉलिसला, २:२५ वाजता. सही आहे.

'नाही'ची पाटी एक, तारेच्या दोन्ही पायांसकट, आणि हे पत्र. मार्लिससाठी, डॉटीच्या हाती. मिळाल्याची सही तुझी हवी. खाली जागा सोडली आहे. मी बाहेर गाडीत वाट पाहते.