ज्येष्ठमधाची काडी

आई, शेजारच्या खानमच्या स्वयंपाकघरातून मी ज्येष्ठमधाची बरणी घरी आणली, आणि तेव्हापासून तुझ्याशी भांडायला जीव नुसता तडफडतोय. खानम म्हणजे आमच्या नेपरव्हिलच्या घराशेजारच्या इराणी आजी; तिकडे थोरल्या बाईला आदरानं खानमच म्हणतात. तू पन्नाशीही गाठली नाहीस, त्यामुळे म्हाताऱ्या बायका मला सगळ्याच तुझ्याहून मोठ्या भेटतात. त्यांचा मला थोडा हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू.

आम्ही इथं राहायला आलो त्या हिवाळ्यात मला खोकल्यानं पार हैराण केलं होतं. दाराबाहेर हा एवढा बर्फ, आणि त्यातून खानम किटली घेऊन आल्या. कपात जांभळट पाणी. मी विचारलं, हे काय? तर म्हणाल्या, "गोल-ए-गावजबान." गावजबान! मला एकदम रडूच आलं, त्या बिचाऱ्या गोंधळून गेल्या. त्यांना काय सांगणार? तू कामाला होतीस त्या अकोल्याच्या युनानी दवाखान्यात दुपारची वेळ आहे, हकीमसाहेब नमाजाला गेलेत, आणि तू फरशीवर पाय पसरून सुपात बीहदाणा निवडतेस. गावजबान, उन्नाब, बनफशा, एकेका औषधाचं नाव असं घेतेस जशी काही माहेरची माणसं. ही सगळी नावं फारसी आहेत हे तुझ्या गावीही नव्हतं, तुला ती वऱ्हाडीच वाटायची. मी शाळेतून येते, बरणीतून ज्येष्ठमधाची काडी पळवते, आणि तू हातावर चापट मारतेस. "थे औषध होय बाई, फुटाणे नाई." मला शहाणपण शिकवायचं आणि स्वतःच्या गालात सदान्‌कदा काडी. जयंतीच्या गाण्यांची तालीम सुरू झाली की आवाज बसू नये म्हणून धरायचीस ती काडी, आणि जयंती होऊन मांडव सुटला तरी तुझी काडी काही सुटायची नाही. तुझ्या पदराला, तुझ्या उशीला, तुझ्या बोलण्यालासुद्धा तो गोडसर वास यायचा.

आता खानमचं ऐक. गेल्या फॉलमध्ये त्यांचं बीपी चढलं ते उतरायचं नावच घेईना. डॉक्टर गोळ्या वाढवत गेले. पाय सुजले, जिना चढताना मांड्या गळून जायला लागल्या. जिन्यावरून पडल्या तर काय, या भीतीनं मी रोज कामावर जाताना त्यांच्या खिडकीकडे बघायची, पडदा उघडलाय ना. मी हॉस्पिटलात फार्मासिस्ट, दिवसभर लोकांना विचारते, गोळ्यांशिवाय आणखी काय घेता? शेजारणीला विचारायचं सुचलंच नाही. एका शनिवारी त्यांच्याकडे चहा प्यायले आणि थबकले. चहा गोड होता. यांना तर डायबेटिस, साखर कधीच बंद झालेली. मग गोड कशानं? घोट गिळून झाला तरी घशात रेंगाळणारी ती गोडी मी ओळखणार नाही तर कोण? साखर बंद झाल्यापासून खानम प्रत्येक चहात शिरीनबयान, म्हणजे आपलं ज्येष्ठमध, मूठमूठ उकळत होत्या आणि दिवसभर तोच चहा पीत होत्या. डॉक्टरनं औषधं विचारली तेव्हा त्यांनी इमानदारीत सगळ्या गोळ्या सांगितल्या. चहाला औषध कोण म्हणतं? घरी येऊन मी माझ्या मुलीला सांगितलं तर तीही म्हणाली, "मॉम, इट्स जस्ट टी."

ज्येष्ठमध जास्त झालं की शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम बाहेर टाकतं. बीपी चढतं, हातापायातलं बळ जातं, हृदयाचे ठोकेसुद्धा चुकतात. हे मी कॉलेजात शिकले, पाठ केलं, मार्क मिळवले. इथले काही सहकारी असल्या मुळ्यापानांना हसतात तेव्हा मला चीड येते. अरे, अंगी गुण आहे म्हणूनच तर बाधतं! नुसता पालापाचोळा असता तर बाधलं असतं कशाला?

हे मी खानमना परोपरीनं सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. त्यांचा चेहरा उतरला, किटलीवर झाकण ठेवत म्हणाल्या, "हे मला माझ्या आईनं दिलं, तिला तिच्या आईनं. तुमच्या गोळ्या कालच्या." मग माझ्या तोंडून निघून गेलं, "माझी आई हकीमाच्या दवाखान्यात होती. ती म्हणायची, ज्येष्ठमध चार दिवस घ्यावं आणि विसरून जावं. अति तिथं माती." खानमनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "हकीमाकडे होती?" मी मान डोलावली. त्यांनी स्वतःच बरणी माझ्या हातात दिली. रक्त तपासलं तर पोटॅशियम इतकं खाली की डॉक्टरनी त्यांना घरीच सोडलं नाही. आता त्या बऱ्या आहेत, बीपी उतरलंय, गोळ्याही कमी झाल्यात.

पण आई, असं तू कधी म्हणालीस? एकदाही नाही. तुझेही पाय सुजायचे, तू म्हणायचीस उभ्यानं काम करून सुजले. तुझंही डोकं दुखायचं, तू म्हणायचीस ऊन लागलं. मग एका सकाळी चूल पेटवताना तुझं तोंड वाकडं झालं, आणि पुन्हा तू मला हाक मारली नाहीस. त्या काडीनंच झालं असं मी म्हणत नाही. तुझं बीपी कुणी मोजलंच नव्हतं, तुझ्या आईच्याही अंगावरून वारं गेलं होतं, आता कळायला काही मार्ग नाही. पण मला राग येतो. तुझा येतो, हकीमसाहेबांचा येतो, आणि मग तो राग कुठं ठेवावा ते समजत नाही, कारण त्या माणसानं तुला बहीण मानलं होतं आणि तू त्या दवाखान्यात जितकी आनंदात असायचीस तितकी घरी कधी दिसली नाहीस. मला तू फार आठवतेस. एवढंच आहे खरं म्हणजे.

हे कागद कुठं पाठवायचे नाहीत, ठाऊक आहे मला. ड्रॉवरमध्ये जातील. फक्त एक सांगायचं राहिलं. खानम आता येता-जाता तुझ्यासाठी दुवा मागतात, "तुझी आई जाणती बाई होती," असं मला म्हणतात. काल म्हणाल्या, "एवढं सांभाळून खाणारी बाई, पुष्कळ जगली असेल ना?" मी हो म्हटलं.