चार पावलांची पीडा

आबा, दुकानातला तुमचा आरसा अजून तिथंच आहे, जमिनीला टेकलेला, माणसाचे फक्त पाय दाखवणारा. लोक अजूनही नवी चप्पल पायातच ठेवतात, जुनीकडे बघून 'ही राहू द्या इथंच' म्हणतात आणि गुलमंडीच्या गर्दीत निघून जातात. बरेच जण खोकंही नेत नाहीत.

कॉलेजात असताना अशा जुन्या चपलांचं भरलेलं पोतं मी गुपचूप कचरागाडीत टाकलं होतं. दुकान जरा नीटनेटकं दिसावं, एवढंच माझ्या मनात होतं. त्या दिवशी तुम्ही आवाज चढवला नाहीत, पण जेवलाही नाहीत. "इकली तवा आपली, अन् झिजली की कचरागाडीची व्हय?" एवढंच म्हणालात. चपलांच्या दुकानदारानं लोकांच्या उतरलेल्या चपला शिवत बसावं, याची मला लाज वाटायची, आबा. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला शेजारी बसवलंत, हातात चामडं टोचायची अरी दिलीत आणि चपलेचा तुटका अंगठा शिवायला शिकवलंत.

पण शिवलेली चप्पल फुकट दिली तरी घेणार कोण? शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर चप्पल चोरीला गेली तर पीडा टळली म्हणून खूश होणारी आपली माणसं. दुसऱ्याची चप्पल म्हणजे त्याची साडेसातीच. पाचोडहून आलेली ती म्हातारी मला आजही दिसते. भर उन्हात अनवाणी आली आहे, तरी हात मागे घेतेय. "नको रं बाबा, कुणाची इडापिडा असंल तिच्यात." तुम्ही उठता, त्या बायकी चपलेत कशीबशी बोटं कोंबता आणि दुकानात चार पावलं लंगडत चालता. "घ्या मावशी. असंल ती पीडा आता माझ्या पायाला लागली. तुमाला निस्ती चप्पल राहिली." म्हातारी तोंडाला पदर लावून हसते आणि चप्पल घालून जाते.

आता दाराशी मी मोठी पेटी ठेवली आहे. गल्लीतले इतर दुकानदारही त्यांच्याकडच्या जुन्या चपला तीत आणून टाकतात. चालण्याजोग्या मी शिवते, बाकीच्यांचं रबर वेगळं, चामडं वेगळं. रबर वाळूजला दळायला जातं. उरलेली खोकी माल आणणाऱ्या टेम्पोतूनच परत पाठवते. शिवलेल्या चपलांच्या मांडणीवर आधी नुसता छापील बोर्ड लावला होता, तर एक जोडी हलेना. मग लाज गुंडाळून ठेवली, उठले आणि चार पावलं चालले. लोक हसले आणि न्यायला लागले. हे सगळं तुमचंच देणं आहे, आबा. तुमच्यासमोर हे कधी बोलले नाही.

परवा बजाजनगरचा एक वॉचमन आला. पाय मोठा, मांडणीवर त्याच्या मापाचं काही नाही. तुम्ही गेल्यापासून तुमची चप्पल माझ्या खुर्चीखाली असते, तिच्यावर त्याची नजर गेली. "ती द्या की ताई, बरी हाय." रीतीप्रमाणं मी ती पायात घातली, चार पावलं चालले, आणि मला ती काढवेना. तुमच्या अंगठ्यानं पाडलेल्या खड्ड्यात माझा अंगठा बुडतो. "रविवारी या, टाका उसवलाय," म्हणाले. तो बिचारा झिजल्या चपलेतच परत गेला.

हे एका खोक्याच्या झाकणावर लिहितेय. हे झाकण तेवढं टेम्पोत जाणार नाही.

टाका उसवलेला नाही, आबा. रविवारी देणार आहे, नक्की. तोवर दुकानात तीच घालून बसले आहे. कोणी विचारलं तर पीडा उतरवतेय, असं सांगते.