नॉकाशेलची दोन धुराडी

नॉकाशेल, किलव्हारन पॅरिश, काउंटी मेयो
१२ फेब्रुवारी १९६८

ती. डीलियाताईस,

फेस्टसचा सा. न. वि. वि. देवाच्या कृपेने इकडे ओल, चिखल आणि मी असे तिघेही पहिल्यासारखेच आहोत. तिकडची खुशाली कळव.

तुझं पत्र आणि ब्रेंडाच्या बाळाचा फोटो पोचला. पोर गुटगुटीत आहे. कान मात्र आपल्या आबांचे घेतलेत, पण केस वाढवले की झाकले जातील.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे नवे फादर आलेत, फादर लायडन. रॉस्कॉमनच्या सपाट मुलखातला माणूस, जिथे गाय हरवली तर तीन दिवस दिसत राहते. त्यांनी परवाच्या रविवारी वेदीवरून वाचून दाखवलं की एका चर्चच्या पॅरिशला इतक्या वाड्या हव्यात कशाला, कित्येक वाड्यांत माणसांपेक्षा मेंढ्या जास्त, तेव्हा धाकट्या वाड्या थोरल्यांना जोडून टाकू. घरोघरच्या मिस्सा-प्रार्थना, वर्गणी, प्रेतयात्रा, सगळं त्याच हिशेबाने. आणि नॉकाशेल कुणाला जोडली असेल? लिसाबॉलला.

लिसाबॉलला, ताई. जी माणसं गाडीवाल्याकडून पाव विकत घेतात आणि जळणाची माती खणायला हातमोजे घालून जातात. ज्यांच्यातला मॅटी ग्रेली घरात न्हाणीघर बांधून शेजाऱ्यांना ते दाखवायला बोलावतो. त्यांच्या दावणीला आपली वाडी बांधायची. क्रॉमवेल आला नि गेला, परगणे मोडले, जमीनदार बुडाले, पण नॉकाशेलची शीव कुणी हलवली नव्हती. ती या रॉस्कॉमनच्या माणसाने सूचनांच्या कागदावर हलवली, तीही तिसऱ्या पानावर, तंबोल्याच्या सूचनेखाली.

मी मिस्सेनंतर त्यांना गाठलं. म्हटलं, मग आमच्या वाडीत कोणी मेलं तर कबर कोण खणणार. ते म्हणाले, लिसाबॉलची मंडळी खणतील, मॅटी ग्रेली तयार आहे. मी म्हटलं, फादर, आमच्याकडे घरच्याने घरच्याची कबर खणायची नसते, शेजाऱ्याने खणायची असते, आणि शेजारी म्हणजे वाडीतला. पायलीचे पन्नास भेटतात ते शेजारी नव्हेत. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं की तुमच्या वाडीत धुराडी किती पेटतात. मी म्हटलं, दोन.

दुसरं धुराडं कुणाचं ते तुला ठाऊक आहे. बार्टली मॉर्ली. बांधाचा तो झगडा झाला तेव्हापासून त्या बेडकाशी मी शब्द बोललेलो नाही आणि बोलणारही नाही. त्याच्या हातची माती माझ्या पेटीवर पडण्यापेक्षा मी उघड्यावर पडेन, कावळे खातील.

छातीतला खोकला तसाच आहे. कळावे. लोभ आहे तो आटू देऊ नकोस.

तुझा,
फेस्टस

*

स्प्रिंगफील्ड, मॅसॅच्युसेट्स
४ मार्च १९६८

चि. फेस्टस यास,

डीलियाचे अ. उ. आ. इकडे सगळे सुखरूप. बर्फ वितळतोय आणि माझा गुडघा वितळत नाही, एवढंच.

तुझं पत्र ब्रेंडाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मामा कुणाला तरी चांगलं म्हणतो का. मी सांगितलं, एकदा म्हणाला होता, आपल्या घोडीला, आणि ती दुसऱ्याच दिवशी लंगडली. तेव्हापासून जपून असतो.

फेस्टस, लहानपणापासून तुला जगात नॉकाशेल सोडून सगळे हलके. आता नॉकाशेलमध्ये तुझ्याखेरीज उरलाय बार्टली, तोही हलका. म्हणजे हिशेब तूच कर.

आबा गेले तेव्हाचं आठवतं का? वाडीचे सगळे पुरुष दफनभूमीत जमले होते, फावडी चारच, म्हणून आळीपाळीने खणत होते, आणि वाट बघणाऱ्यांची तोंडं कोमेजली होती की आपली पाळी येण्याआधी खड्डा पुरा होतो की काय. बार्टलीचा बाप मध्ये उतरला तो बाहेरच येईना. आई घराच्या दारात उभी राहून म्हणाली होती की माणूस किती मोठा ते त्याच्या कबरीवर किती फावडी भांडतात त्यावरून कळतं. आता मला सांग, तुझ्या कबरीवर कोण भांडणार? लिसाबॉल नको, बार्टली नको. कावळ्यांनाही शीव असते बाबा, ते नॉकाशेलचेच येतील याची खात्री काय?

तो बांध कोपरभर सरकला होता, एवढंच ना? इथे माझ्या शेजाऱ्याने माझ्या अंगणात मोटार उभी केली आणि मी त्याला केक दिला. जा, त्याच्याशी बोल.

छातीला हंसाची चरबी लाव, आणि लावलीस असं खोटं लिहू नकोस. राग आला तरी पत्र लिहीत जा, एवढीच विनंती.

तुझी,
डीलियाताई

*

नॉकाशेल
२१ एप्रिल १९६८

ती. डीलियाताईस,

सा. न. वि. वि. चरबी लावली. खोटं लिहीत नाही. कुत्रं सोडत नाही आता मला.

केक देणारी माणसं अमेरिकेत होतात, कारण तिथे कुणाचंच काही आजोबांपासूनचं नसतं. इथे कोपरभर म्हणजे कोपरभर.

या महिन्यात डब्लिनहून एक बाई आली होती, मिस प्रेंडरगास्ट. विद्यापीठातली. वाड्यांची आणि शेतांची जुनी नावं गोळा करते म्हणे. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, डोक्याला तांबडा रुमाल, आणि बगलेत इंग्रजांच्या वेळचा नकाशा. चहा घेताना तिने मला समजावून सांगितलं की वाडी ही परगण्याहून आणि पॅरिशहूनही जुनी गोष्ट आहे, राजे आणि बिशप मागाहून आले. मी म्हटलं, बाई, हे रॉस्कॉमनच्या फादरना सांगा. ती हसली. डब्लिनची माणसं खरी गोष्ट ऐकली की हसतात आणि लिहून घेतात, करत काही नाहीत.

मी तिला आपली सगळी वावरं सांगितली. घोड्याचा माळ, विधवेची पट्टी, आंधळ्या विहिरीचं खाचर, जिथे तू गवतात झोपून राहिलीस आणि आई रडत शोधत होती ते थोरलं कुरण. ती म्हणाली, आश्चर्य आहे, मिस्टर मॉर्लींनीही ओळीने हीच नावं सांगितली, एकही इकडची तिकडे नाही. आश्चर्य कसलं? गाढवालाही आपली गव्हाण ठाऊक असते. जाताना ती म्हणाली की तुम्ही दोघं गेलात की ही नावं बोलणारं कुणी उरणार नाही. पाहुणीने दारात उभं राहून बोलायची ही रीत आहे का? मी तिला अंडी द्यायला काढली होती ती परत ठेवली.

बार्टली आजारी दिसतो. मी पाहत नाही, पण खिडकी त्याच बाजूला आहे त्याला मी काय करू. सकाळी धूर उशिरा निघतो, तोही बारीक. लिसाबॉलची एक नर्सबाई सायकलवरून येते, मिसेस टर्नी. परवा मी बादलीभर बटाटे बांधावर ठेवले, ते जास्तीचे होते म्हणून, कुजले असते. संध्याकाळी बादली बांधावर परत होती, रिकामी, आणि घासून धुतलेली. धुऊन देतो मला. जशी काही माझी बादली घाण होती.

तू विचारलंस म्हणून सांगतो, मी ठरवलंय. मी बार्टलीच्या मागे राहणार. त्याला आधी जाऊ दे. एवढं सुख मला मिळालंच पाहिजे.

माझ्यावर रागवायचं तर तिथूनच रागाव, बोटीचं भाडं वाचेल. लोभ असावा असं दरवेळी लिहायला नको, तो आहेच असं धरतो.

फेस्टस

*

स्प्रिंगफील्ड
११ मे १९६८

चि. फेस्टस,

अ. उ. आ. घाईत लिहितेय, पोस्टाची पेटी उघडायच्या आत.

बटाटे ठेवलेस ते वाचून मी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलेच. आता तोंडही उघड. मेलेल्या माणसावर वरचढ होण्यात कसलं सुख आहे रे? मागे राहिलास तर तू नॉकाशेलचा राजा होशील आणि तुझी कबर खणायला नॉकाशेलमध्ये माणूस नसेल. हे तुझ्या डोक्यात आलं नसेल असं नाही. आलंय, म्हणून तर तू इतका चिडतोस.

बार्टली माझ्या वेणीला खाजखुजली लावायचा. तरी त्याला माझा नमस्कार सांग. माझ्यासाठी सांग, तुझ्यासाठी नको.

या म्हातारीला उत्तराची वाट बघायला लावू नकोस.

डीलियाताई

*

नॉकाशेल
१९ जून १९६८

ती. डीलियाताईस,

सा. न. वि. वि. तुझा नमस्कार पोचला नाही. बार्टली मॉर्ली शनिवारी सकाळी गेला. मी दोनदा त्याच्या फाटकापर्यंत गेलो होतो, तुझं पत्र खिशात होतं. दोन्ही वेळा ती टर्नीबाई दारात होती, आणि तिच्यासमोर काय बोलायचं. आता वाटतं, बाई असती तर असती.

दफन सोमवारी ठरलं. सोमवारी कबरीला हात लावत नाहीत हे फादर लायडनना कुठून कळणार. रविवारी पहिलं ढेकूळ उलटलं तरच सोमवारी माणूस पुरता येतो. म्हणून मी रविवारच्या मिस्सेनंतर फावडं घेऊन दफनभूमीत गेलो. पाहतो तर मॅटी ग्रेली आणि लिसाबॉलचे चौघे तिथे आधीच हजर, इस्त्रीचे सदरे घालून. फादर सोबत. मी फाटकात उभा राहिलो आणि म्हटलं की मॉर्लीचं घर नॉकाशेलमध्ये आहे आणि नॉकाशेलचा माणूस इथे आहे, तुम्ही घरी जा. फादर म्हणाले, मिस्टर कनान, तुमची छाती, तुमचं वय. मी म्हटलं, माझी छाती नॉकाशेलमध्येच आहे, अजून जोडली नाही कुणाला.  मॅटीने बाकीच्यांना भिंतीपाशी बसवलं. घरी मात्र कोणी गेलं नाही.

मी एकट्याने खणलं, ताई. मॉर्लींची जागा म्हणजे त्यांच्यासारखीच, वर मऊ आणि आत दगड. बार्टलीच्या आईची हाडं लागली ती मी माझ्या कोटात गुंडाळून कडेला ठेवली. तिने मला लहानपणी साखर लावलेली भाकर दिली होती. खणताना मी त्याला सगळं ऐकवलं, बांधाचं, बादलीचं, त्याच्या बेडकासारख्या तोंडाचं. कंबरेएवढा खड्डा झाला तेव्हा ऐकवायचं संपलं. मग नुसता खणत राहिलो. पूर्ण खोल झाल्यावर मला वर येता येईना. ओरडायचं नाही असं ठरवून मी तिथेच उभा होतो. मॅटीने येऊन हात खाली केला. त्याच्या हाताला घट्टे आहेत, हे मला माहीत नव्हतं.

त्या रात्री प्रेतापाशी जागायला मी मॉर्लीच्या घरी गेलो. त्या उंबऱ्याच्या आत पाय टाकला नव्हता कितीतरी वर्षांत. दाराशी एक फावडं भिंतीला टेकवलेलं, पातं घासून लखलखीत, दांडा नवा कोरा, ॲशच्या लाकडाचा. मी टर्नीबाईला विचारलं, मरायला टेकलेल्या माणसाला नवं फावडं कशाला. ती म्हणाली की हिवाळ्यात माझा खोकला त्याच्या घरापर्यंत ऐकू यायचा. तेव्हा तो अंथरुणात उठून बसायचा आणि दांडा तासायचा. तिने विचारलं तर म्हणायचा की फेस्टस कनान हे वर्ष काही काढत नाही, आणि तो गेला तर त्याला लिसाबॉलच्या हाती मी देणार नाही. औषध घ्यायला तो कुरकुर करायचा, तेव्हा ती त्याला हेच सांगायची, की फेस्टस अजून आहे, तुम्हाला राहावं लागेल. मग घ्यायचा.

मी रडलो. लिसाबॉलच्या बायकांसमोर रडलो, आणि त्याचा मला अजून राग आहे. मी त्याच्या मरणाची वाट बघत बसलो होतो, आणि तो माझ्यासाठी जगायची धडपड करत होता. बेडूक कोण होता ते आता तूच ठरव.

काल मी ते फावडं खांद्यावर घेऊन शीव ओलांडून लिसाबॉलला गेलो. मॅटीने आधी मला न्हाणीघर दाखवलं. पाहिलं. काही विशेष नाही, नळ गळतो. मग मी फावडं त्याच्या हातात दिलं. सांगितलं की दफनभूमीतल्या आमच्या जागेत डाव्या कडेला आबांच्या पायाशी मोठा दगड आहे, तिकडून सुरुवात करायची नाही, उजवीकडून करायची. आणि दिवस कोणताही असो, सोमवार नको. मॅटी म्हणाला, बरं, आणि दांड्यावरून हात फिरवून म्हणाला, लाकूड चांगलं आहे, कुणी तासलंय. मी म्हटलं, माझ्या शेजाऱ्याने.

कळावे.

तुझा,
फेस्टस