चुनाभट्टीमागचं कोठार

पॅरिस, बुधवार, ३ मे १७७५

प्रिय युर्सुल,

पाव महागला म्हणून आज सकाळी आमच्या गल्लीतल्या पाववाल्याचं दार लोकांनी फोडलं. मी छापखान्याच्या खिडकीत उभा होतो. ओच्यात चार पाव घेतलेली एक बाई वर बघून ओरडली, "मास्तर, छापा की हेही तुमच्या मासिकात!" सगळे हसले.

तुला ठाऊक आहे, मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. खिळे जुळवता जुळवता वाचायला शिकलो आणि आज पंडितांच्या मुद्रितांतल्या चुका काढतो. धान्याचा व्यापार मोकळा करा, अडवू नका, म्हणजे जिथे तुटवडा तिथे ते आपसूक पोचेल, असं आमचं मासिक सांगतं आणि मलाही पटतं. खिळे जुळवणारा गिल्बेर टोमणा मारतो, "पोचेल हो मास्तर, पण माझी बायको पहाटेपासून रांगेत आहे, तिला कुठल्या अंकात पोचेल ते सांगा!" मी त्याला धीर धर म्हणायचो. कालपर्यंत.

गेल्या शरदात तुझ्याकडे आलो होतो, तेव्हा बार्तेलमीनं सासऱ्याला म्हणून आपल्या गिरणीपलीकडचं, चुनाभट्टीमागचं कोठार दाखवलं. एकशे ब्याऐंशी पोती गहू. वसंतात टंचाई पडेल तिथे पाठवायचा, म्हणाला. आणि हळूच, "बाबा, हे आपल्यातच." किती विश्वासानं बोलला तो!

आमच्याकडे एक रीत आहे. गावाकडून आलेली म्हणून छापतो ती पत्रं पुष्कळदा इथेच बसून लिहिली जातात. मार्चच्या अंकात 'मार्नकाठच्या एका गिरणीवाल्याचं पत्र' आहे. मोघम लिहिणं मला खोटं बोलण्यासारखं वाटतं, म्हणून त्यात एकशे ब्याऐंशी पोती आहेत, चुनाभट्टी आहे, बागेकडे उघडणारं दारही आहे. काल तुमच्याकडून आलेला नावाडी सांगत होता, खानावळीत कुणीतरी तो अंक मोठ्यानं वाचतो आणि लोक एकमेकांना विचारतात, "ही चुनाभट्टी कुठली रे?" तुमच्या गावात एकच आहे, पोरी.

म्हणून हे पत्र त्याच नावाड्याच्या हाती देतोय. शनिवारच्या बाजाराआधी कोठार तुम्हीच उघडा, लोक म्हणतील त्या भावानं विका, आणि मुलांना घेऊन तुझ्या नणंदेकडे जा. बार्तेलमीला सांग, ते पत्र माझं. माझ्यानं त्याला लिहवत नाही. त्यातला आकडा न् आकडा मी तीनदा तपासला होता, युर्सुल. एकही चुकलेला नाही.

तुझाच भेदरलेला,
बाबा